मुलुंडला गेलेला अंधेरीचा फोन

माझ्या साडूइतकी दुसऱ्याच्या ठावठिकाण्याची काळजी करणारा माणूस बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सापडायचा नाही. "कसा आहेस?" असं त्याने आयुष्यात कोणाला विचारलं नसेल; तो विचारतो, "कुठे आहेस?" एका साखरपुड्यात समोर उभ्या असलेल्या मित्रालाही त्याने हेच विचारलं. "अरे, तुझ्या पुढ्यात!" मित्र म्हणाला. "दिसतंय रे, पण खात्री केलेली बरी." ऑफिसांत इंटरनेटवर चालणारे फोन बसवणं हा त्याचा धंदा, आणि तो घरातही चालू. सासूबाईंची हाक आधी त्याच्या बायकोकडे जाईल, तिने 'ओ' दिली नाही तरच त्याच्याकडे येईल, असं त्याने जाहीर केलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "बरं हो जावईबापू, मग तुमचा चहाही असाच फिरत फिरत येईल."

मी ज्या डायलिसिस सेंटरचा कारभार बघतो, त्याच्या अंधेरी आणि मुलुंड या दोन्ही शाखांतले फोन त्यानेच बसवले. प्रत्येकावर एक लाल बटण. पेशंट अत्यवस्थ झाला की दाबायचं. त्याच शाखेच्या डॉक्टरांना फोन लागतो. "फोन उचलून दुसऱ्या शाखेत लावलास तरी चालेल," तो बजावायचा, "पण झोन, म्हणजे कुठल्या शाखेच्या डॉक्टरांना लागायचं ते, जुनाच राहतो. अंग सासरी, मन माहेरी." म्हणून तो रोज सकाळी एकेका फोनवर फोन करून "कुठे आहेस?" विचारायचा. आम्ही हसायचो.

दसऱ्याला मी दोन्ही शाखांचे फोन पूजेसाठी अंधेरीला मागवले. पुसताना शाखांच्या चिठ्ठ्या काढल्या, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि संध्याकाळी परत पाठवले. सगळे काळे, सगळे सारखे.

दुसऱ्या दिवशी, साडूची फेरी सुरू होण्याआधीच, अंधेरीच्या डॉक्टरांचा फोन किंचाळला. "डॉक्टर, पाच नंबर बेड! बीपी पडलंय, लवकर या!" डॉक्टर धावले, मागोमाग मी. पाच नंबरवरचे गृहस्थ बिस्कीट खात होते. "मला काय झालंय?" त्यांनी घाबरून विचारलं. डॉक्टरांच्या हातातल्या फोनवर सिस्टर रडकुंडीला आलेली, "अहो, येताय ना?" डॉक्टर शेजारच्या बेडकडे वळले, मग त्याच्या पुढच्या. मी साडूला मोबाइल लावला.

"ती सिस्टर तुला डोळ्यांनी दिसतेय का?"

"नाही रे!"

"मग ती मुलुंडला आहे. तिथल्या डॉक्टरांना मोबाइलवर सांग. माझा फोन ठेव आधी!"

मुलुंडचे डॉक्टर तिथेच, पेशंटच्या भिंतीपलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. ते पोचले तेव्हा पेशंटचे डोळे फिरले होते. नंतरचा अर्धा तास मी अंधेरीत भिंतीला टेकून काढला. मग निरोप आला, वाचले.

दुपारी आम्ही दोघं मुलुंडला गेलो. चिठ्ठ्या मीच काढल्या, असं मी त्याला सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. तो म्हणाला, "वीज जाणं हिशेबात धरलं होतं, पाणी भरणं धरलं होतं. दसरा नाही धरला. मुंबईत राहून!"

पेशंट एकटेच पडून होते. "तुम्ही डॉक्टर का?"

"नाही काका, मी फोनवाला."

"मग माझ्या मुलाला लावून द्या ना. माझ्या फोनवरून लागतच नाही."

साडूने स्टूल ओढलं, नंबर विचारून घेतला आणि स्वतःच्या मोबाइलवरून लावला. पलीकडे रिंग जात होती. मला ऐकू येत होती. ती वाजून वाजून थांबली. त्याने पुन्हा लावला.

"लागतोय ना?" काकांनी विचारलं.

"लागतोय काका," तो म्हणाला, "वाजतोय तिकडे." आणि मोकळ्या हाताने त्याने त्यांचं पांघरूण नीट केलं.