बंद केलेलं जुनं साउंड

शहाद्याच्या एसटी स्टँडमागे हेमकांतचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस कामाला चोख, पण भुताखेताचा विषय निघाला की चहा अर्धा टाकून उठणारा. त्याचा एक नियम मात्र ठरलेला. नवीन साउंड किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं की मदरबोर्डवरचं मूळचं जुनं साउंड, ग्राफिक्स सेटिंगमधून बंद करायचं. "एक घरमा दोन कारभारी कसाले?" असं म्हणून तो गिऱ्हाइकाला हसवायचा.

त्या दिवशी तो सारंगखेड्याकडे मोतीलाल आबांच्या मळ्यात गेला. केळी चहूबाजूंनी घरावर आलेली, त्यामुळे खोलीत भरदुपारीही अंधारलेलं. आबांचा मुलगा भूपेंद्र दोन वर्षांपूर्वी तापीत बुडाला. ज्या कॉम्प्युटरवर तो लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचा, तो तसाच टेबलावर होता.

"भाऊ, मन्हा पोऱ्या यामातून बोलस," त्याची आई जसोदाबाई स्पीकरवर हात ठेवून म्हणाली. "दिवाबत्तीना टाइमले. पन आवाज खराब शे, काय म्हनस ते समजत नही. चांगलं कार्ड टाकी दे. फोटोमा त्यानं तोंड बी साफ दिसाले पाहिजे."

हेमकांतने हातातली अवजारांची पिशवी खाली ठेवलीच नाही. "रोज बोलस का, माय?"

"रोज नही. एखादा आठवडा येसच नही."

दिवेलागणीआधी काम उरकून पळायचं त्याने ठरवलं, पण आज स्क्रूच हातातून निसटत होते. शेवटी ग्राफिक्स कार्ड बसलं, साउंड कार्ड बसलं. स्क्रीनची वायर आणि स्पीकरची पिन त्याने नव्या कार्डांना लावली आणि सवयीने जुनं सगळं बंद करून टाकलं. भूपेंद्रचा फोटो उघडला. आधी त्यावर आडव्या रेघा नाचायच्या, आता मिशीचा केस न् केस दिसू लागला. बाई पदर तोंडाला लावून बघत राहिली.

मग तिने दिवा लावला. स्पीकर गप्प. तिने हेमकांतकडे पाहिलं.

"भाऊ, तू त्याले काढी टाकं का?"

हेमकांतला गलबलून आलं. त्याने जुनं साउंड पुन्हा सुरू केलं, पिन जुन्या जागी खोचली. घरघर आली, आणि त्या घरघरीत कुणी घशातून "मा... मा..." करावं तसं काहीतरी. बाईचा चेहरा उजळला. हेमकांत मागे सरकत खिडकीला टेकला.

तेवढ्यात त्याला खिडकीबाहेरची वायर दिसली. विहिरीच्या मोटरीची अर्थिंग या मंडळींनी सरळ घराच्या अर्थिंगला बांधली होती. मोटर चालू झाली की तिची घरघर जुन्या साउंडमध्ये शिरणारच. त्याचा जीव भांड्यात पडला. भूत कसलं, मोटर आहे!

तो विहिरीकडे गेला. आबा स्टार्टरच्या पेटीखाली बसले होते.

"आबा, तो आवाज मोटारना शे."

"माले मालूम शे," आबा हळूच म्हणाले. "शेतनी लाइट दिवसनी, अंधार पडेपर्यंत ऱ्हास, त्या आठवडाले मी दिवाबत्तीले मोटार चालू करस. पानी जास्ती होईसन केळीनी मुळ्या सडी ऱ्हायन्यात. पन आवाज ऐकीसन ती दोन घास खास. तिले सांगू नको."

 हेमकांतने मान हलवली. मग त्याच्या ध्यानात आलं, की विहिरीवर सारं शांत आहे.

"मोटार आते बंद करी का?"

"चालूच कोठे करी? ह्या आठवडाले शेतनी लाइट रातनी शे, धा वाजता येस."

दोघेही घराच्या उघड्या खिडकीकडे बघत राहिले. घरघर अजून येत होती, आणि जसोदाबाई मधूनमधून कशाला तरी होकार देत होती.

आबा उठले. मुलगा गेल्यापासून त्या खोलीचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. त्यांनी चपला दाराशी काढल्या आणि बायकोच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले. 

"जेवना का रे, भूपेन?" त्यांनी विचारलं.