ओळखू न आलेला हात

परवा शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला निवृत्त शिक्षक म्हणून बोलावलं होतं; तिथे खेळासाठी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. त्याला खडूचा वास होता. ऐंशीच्या सुमारास नाशिकच्या आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी हाच खेळ घेतला होता, शिक्षकांची गट्टी जमावी म्हणून. हात चाचपून माणूस ओळखायचा. तेव्हा सहा जण मी पटापट ओळखले. सातवा हात खरखरीत लागला.

“हा आपला शिपाई,” मी ठामपणे म्हणालो.

रुमाल काढला तर समोर साळवे सर. वर्षभर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे. ते बौद्ध, म्हणून मी त्यांच्या हाताला कधी हात लागू दिला नव्हता.

“एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा उचलत शिकलोय, सर,” हात माझ्या हातातच ठेवून ते हसून म्हणाले. “आता झाली ना ओळख?”

लाज अजून जात नाही. पण त्यांनी तेव्हा हात मागे घेतला असता, तर मी तसाच राहिलो असतो.