दारातली काच

आमच्या चर्चमधल्या संडे स्कूलच्या खोलीला जाडजूड सागवानी दार आहे. गेल्या महिन्यात सुताराने त्यात वीतभर चौकोन कापून काच बसवली. मुलांसोबत आत कोणी मोठं माणूस असेल, तर ते बाहेरून दिसलं पाहिजे, असा मंडळीचा नवा नियम आहे.

मार्थाबाई तिथे तीस वर्षं शिकवतात. त्या मला म्हणाल्या, "आता म्हातारपणी माझ्यावर पहारा?"

"बाई, काच तुमच्यासाठी नाही," मी म्हटलं. पण मग कोणासाठी, ते मला सांगता येईना. आमच्याकडे सगळेच एकमेकांचे काका, मामा, मावशी. संशय घ्यायचा तरी कोणाचा? माझ्या लहानपणी आमच्या संडे स्कूलच्या वर्गातली एक मुलगी अचानक यायचीच बंद झाली. तिला गाणी आवडत नसतील, असं आम्ही ठरवून टाकलं. मोठ्यांपैकीही कोणी तिच्या घरी जाऊन विचारलं नाही.

काल पाहते तो काय, काचेला आतून झालरीचा पडदा! महिला मंडळाने हौसेने शिवलेला. काच उघडीबोडकी दिसते म्हणे. हसू आलं, आणि संतापही.

मी दार ढकलणार, तेवढ्यात पडदा सरकला. मार्थाबाईंच्या कडेवरची चार वर्षांची पोर काचेला नाक लावून आईला शोधत होती. आई बाहेरच्या बाकावर दिसली तशी पोर रडायची थांबली.

बाईंनी दार उघडून पडदा माझ्या हातात दिला.

"मंडळाला परत द्या. म्हणावं, आतल्यांनाही बाहेरचं दिसावं लागतं."