महामायाबाईंचा इटलीचा पेन

बुलढाण्याच्या कोर्टात महामाया हिवाळे बेंच क्लार्क आहेत. म्हणजे न्यायाधीशांच्या पुढ्यात, खालच्या टेबलाशी, फायलींच्या ढिगाआड ज्या बाई बसलेल्या दिसतात, त्या. वीसेक वर्षं त्या तिथे बसून दोन्ही बाजूंचं ऐकत आल्यात. सगळं कोर्ट बोलतं. पक्षकार बोलतात, साक्षीदार नको तेवढं बोलतात, वकिलांचं तर विचारूच नका. बोलत नाहीत त्या एकट्या महामायाबाई. कुणी पुढची तारीख विचारली तर कागदावर बोट ठेवून दाखवतात. घरीही तेच. सासूबाई तानाबाई हुकूम सोडणार आणि या मान हलवणार. नवरा प्रसेनजित एसटीत कंडक्टर. दिवसभर ‘पुढं सरका, पुढं सरका’ ओरडून घसा बसलेला माणूस, त्याला घरी शांत बायको म्हणजे चैनच की हो.

पण या मुक्या बाईंना एक नाद होता, आणि तो साधासुधा नव्हता. शाईच्या पेनांचा. तोही हाताने घडवलेल्या इटलीच्या पेनांचा!

सुरुवात झाली ती एका न्यायाधीशांमुळे. बाई नोकरीत नव्या असताना नागपूरकडचे एक साहेब बदलून आले होते. ते साक्ष स्वतः लिहून घ्यायचे, आणि लिहायचे ते मधासारख्या रंगाच्या एका जाडजूड पेनाने. निब कागदावरून जाताना आवाज म्हणून नाही. समोर खुनाचा खटला चाललेला असायचा आणि महामायाबाई साहेबांच्या पेनाच्या टोकाकडे बघत बसलेल्या. साहेबांची बदली झाली त्या दिवशी बाईंनी कुठून धीर आणला कोण जाणे, पण विचारलं, “साहेब, एक ओळ लिहून पाहू का?” साहेबांनी हसून पेन हातात दिला. बाईंनी आपलं नाव लिहिलं. बस्स. त्या दिवसापासून बाई गेल्या कामातून.

मग हळूहळू एकेक पेन घरात येऊ लागला. वेतन आयोगाचे एरिअर्स मिळाले तेव्हा ऑफिसातल्या बाकीच्या बायकांनी पाटल्या केल्या, महामायाबाईंनी थेट इटलीतल्या एका कारागिराकडून पेन मागवला. कित्येक महिने वाट पाहिली. पार्सल आलं तेव्हा पोस्टमननेच काळजीने विचारलं, “बाई, घरात कोणी बिमार हाय काय? विदेशातून औषध मांगवलं?” बाईंनी खोक्यातून पेन काढला. मधाचाच रंग, पण आत काळ्या-तांबड्या शिरा, उजेडात फिरवला की हलल्यासारख्या दिसणाऱ्या. सोन्याची निब, तिच्यावर बारीक वेल कोरलेली. दर रविवारी दुपारी बाई कपाटातून लाकडी पेटी काढायच्या, सगळे पेन मऊ फडक्याने पुसायच्या, आणि हा एक दोन्ही हातांनी धरून खिडकीशी बसायच्या. शाई मात्र त्यात कधी भरली नाही. एकदा भरली की पेन वापरलेला झाला, ही भीती. शेजारच्या बायका फिदीफिदी हसायच्या. “लिवत नाई, पुसत नाई, नुसता पायत बसते. लगन लावते काय पेनासंगं?” हसू द्या. ज्याला नाद नाही त्याला काय कळणार!

आता यंदाच्या जयंतीची गोष्ट. चौदा एप्रिलला यांच्या वस्तीत हारफुलांवर खर्च करत नाहीत. घराघरातून एक वही आणि एक पेन बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर ठेवायचा, आणि मग ते सगळं परीक्षेच्या आधी वसतिगृहातल्या लेकरांना पोचवायचं, अशी गेल्या काही वर्षांची पद्धत. त्या सकाळी महामायाबाई विहारात खिरीच्या पातेल्यापाशी होत्या. घरी तानाबाई एकट्या. तरुण मंडळाचा धम्मरत्न टेम्पो घेऊन दारात आला आणि ओरडला, “आजी, वही-पेन टाका!”

वही तयार होती. पेन नव्हता. तानाबाई कपाटाशी गेल्या, लाकडी पेटी उघडली आणि सून दोन्ही हातांनी धरते तो पेन नेमका उचलून देऊन टाकला.

बाईंना कळलं ते रविवारी. पेटी उघडली तर जागा रिकामी. आधी कपाट उपसलं, मग गाद्या झटकल्या, मग प्रसेनजितच्या खिशांपर्यंत मजल गेली. शेवटी तानाबाई निवडत असलेले तांदूळ बाजूला सारून म्हणाल्या, “काय धुंडून राह्यली व? थो पिवळा पेन काय? थो म्या जयंतीले देला.”

“आई! बाकीचे इतके पेन होते...”

“होते ना. म्हनून तं त्याच्यातला चांगला पाहून देला. बाबासाहेबाच्या नावानं देयाचा अन् कसाबी देयाचा काय?”

बाई मोरीत गेल्या, नळ सोडला आणि पोटभर रडल्या. पण बाहेर आल्या त्या पर्स खांद्याला लावूनच. धम्मरत्नला गाठलं. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला की यंदाची सगळी खोकी मेहकरला मुलींच्या वसतिगृहात गेली. बाईंनी सोमवारची रजा टाकली, बाजारातून शाईच्या साध्या पेनांचं एक पाकीट घेतलं, बदल्यात द्यायला. निघताना बघतात तर तानाबाई नवं लुगडं नेसून दारात हजर.

“मी बी येतो. देलेली वस्तू परत मांगाले चालली तू. म्या तुले मांगू देनार नाई.”

चिखलीमार्गे मेहकर येईपर्यंत एसटीत सासू-सून शेजारी शेजारी बसल्या, पण दोघींची तोंडं दोन दिशांना. बाहेर ऊन रणरणत होतं, आत तानाबाईंचा पदर फडफडत होता.

वसतिगृहाच्या अधीक्षक सिंधूताई म्हणजे कडक बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून पेन काढून टेबलावर ठेवला. महामायाबाईंचा हात आपोआप पुढे गेला तसा सिंधूताईंनी पेनावर पंजा ठेवला.

“थांबा. पोरींना यात शाई कशी भरायची तेच कळेना, म्हणून माझ्याकडे आणून दिला होता. पण इथं आलेली वस्तू पोरींची. मी कोण परत देणारी? आमच्याकडे पोरींचं मंत्रिमंडळ आहे. भाजी कोणती करायची इथपासून सगळं मतदानानं ठरतं. त्यांच्यापुढे मांडा.”

“मी?” महामायाबाईंनी पेनांचं पाकीट छातीशी धरलं.

“मग काय मी? आणि ते पाकीट बाहेर ठेवा. मतदानाआधी वाटप चालत नाही.”

झालं! जेवणाच्या हॉलमध्ये सतरंज्या पडल्या, पोरी दाटीवाटीने बसल्या. समोर खुर्चीवर त्यांची मुख्यमंत्री मनाली, दहावीला जाणारी, दोन वेण्या आणि नजर अशी की कोर्टातल्या साहेबांनी शिकून घ्यावी. तिने विचारलं, “पयले कोण बोलनार?”

पहिल्यांदा तानाबाई बोलल्या. त्यांना काय, सभा असो की भाजीबाजार, सारखंच. “पोरींनो, जयभीम! हे माही सून. चांगली हाय, पण पेनाच्या बाबतीत येडी हाय. म्या पेन चुकून नाई देला. समजून-उमजून देला. घरातली सगळ्यात भारी वस्तू तुमच्यासाठी काढली. आता तुमीच सांगा, दान देऊन परत मांगनं शोभते काय?”

पोरींनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. मग महामायाबाई उभ्या राहिल्या. वीस वर्षं दुसऱ्यांची बाजू ऐकली, आणि स्वतःची कधी मांडलीच नव्हती! सगळ्या पोरी बघतायत. पेन टेबलावर पडलेला. आता गप्प बसले तर हा गेला, कायमचा गेला, हे त्यांना लख्ख दिसलं.

“दान...” त्या म्हणाल्या, मग घसा खाकरून जरा मोठ्याने, “दान देयाचं तं वस्तू आपली असा लागते. पेन माह्या होता. आईचा नव्हता.”

“घर माह्यं नाई काय?” तानाबाई बसल्या जागेवरून ओरडल्या. “घरातली वस्तू माही नाई? तू माही नाई?”

“मी तुमची हाय, आई. पेन माह्या हाय!”

हॉलमध्ये हशा पिकला. पण मनाली हसली नाही. तिने पेन उचलला, टोपण काढून उलटासुलटा केला आणि विचारलं, “काकू, याच्यात तं शाईचा टिपका बी नाई. तुमी लिवतच नाई याच्यानं. मंग तुमच्यापाशी राहून याचा काय फायदा? आमी निदान लिवू तं.”

हा वार वर्मी बसला. पोरी कुजबुजायला लागल्या. तानाबाईंनी विजयी मुद्रेने पदर सावरला. महामायाबाईंनी मनालीच्या हातातून पेन घेतला. आणि मग त्या बोलायला लागल्या. काय बोलल्या म्हणता! धरण फुटल्यासारख्या बोलल्या.

“हा पेन कारखान्यात धडाधड पडत नाई, पोरींनो. इटलीत एका लहानशा गावात एक मानूस हाय. तो अशी रंगीत कांडी घेते, लेथवर चढवते, हातानं सोलत जाते. आतून पोकळ करते. मंग कपड्यानं घासत बसते, दिवसचे दिवस. ह्या शिरा पाहा. त्याले सोताले जरी म्हटलं ना, असाच दुसरा करून दे, तं होत नाई. जगात हा एकच हाय. अन् थो एकच बुलढान्याच्या एका कारकून बाईनं मांगवला. लोक हासले माह्यावर. मी कोनाले काई बोलली नाई. कोर्टात पेन पाहून जीव जायचा माह्या, वाटे, इतकी सुंदर वस्तू आपल्या हातात येईन तं! आली. अन् मी भेली. शाई भरली तं जुना होईन, घसरला तं मोडन. मनाली, तुह्यं खरं हाय. पेन लिवाले असते. सिंधूताई, शाई हाय काय?”

सिंधूताईंच्या टेबलावर दाखल्यांवर सही करायची दौत होती. ती आली. बाईंनी निब शाईत बुडवली, पेनाचं मागचं टोक हळूहळू फिरवलं, शाई सरसर वर चढली. मग निब कागदावर टेकवली. सगळ्या पोरी सतरंजी सोडून टेबलाभोवती गोळा. निळीशार, ओली, भरदार अक्षरं उमटली: महामाया प्रसेनजित हिवाळे.

“माय वं!” कोणीतरी म्हणालं.

“आता मतदान याच पेनानं करा,” महामायाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज हॉलच्या टोकापर्यंत गेला आणि त्यांनाच नवल वाटलं. “तुमाले वाटलं ठेवा, तं ठेवा. पण हातात धरून पाहा अन् मंग ठरवा.”

‘परत’ किंवा ‘राहू द्या’, एवढंच चिठ्ठीवर लिहायचं ठरलं. एकेक पोरगी यायची, पेन धरायची, लिहायची आणि डोळे मोठे करून बाजूला व्हायची. काही जणींना राहवलं नाही, त्यांनी खाली आपलं नावही लिहून टाकलं. सिंधूताई करवादल्या, “अगं, गुप्त मतदान आहे ना! नवीन चिठ्ठी घे!” शेवटी तानाबाई उठल्या. “मले बी एक चिठ्ठी पाह्यजे. पेन माह्या हातानं आला इथं.” मनालीने विचार केला आणि दिली. तानाबाई प्रौढ साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकलेल्या. सगळ्यांकडे पाठ करून, कोपर आडवं धरून त्यांनी बराच वेळ लिहिलं आणि चिठ्ठीची बारीक घडी घालून डब्यात टाकली.

आपल्यालाही चिठ्ठी मागावी, हे महामायाबाईंना सुचलंच नाही. तानाबाईंचं एक मत तरी विरोधात गेलं, हे सगळे धरूनच चालले होते.

मनालीने डबा उलटा केला. परत. परत. परत. पोरी तालात टाळ्या वाजवायला लागल्या. परत. परत. एका चिठ्ठीवर ‘परत’च्या पुढे फूल काढलेलं. महामायाबाई खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या. शेवटची चिठ्ठी उलगडली. परत!

हॉलमध्ये एकच गलका झाला. मनालीने पेन दोन्ही हातांनी उचलून बाईंना दिला आणि पोरींनी त्यांना असा गराडा घातला की त्या निवडून आल्या म्हणावं. एवढ्यात मनाली थबकली. तिने चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या.

“आजी,” ती म्हणाली, “याच्यात ‘राहू द्या’ची चिठ्ठी एक बी नाई.”

सगळ्यांच्या माना तानाबाईंकडे वळल्या. महामायाबाईंचीही.

“मंग?” तानाबाई खेकसल्या. “देलेलं परत मांगू नये, हे मी आता बी म्हनतो. पन वीस वर्षं झाले हे माह्या घरात हाय. आज पयल्यांदा चार मानसांत उभी राहून माह्यासंगं भांडली. अन् काय भांडली! तिले मी हरवू काय?”