वेगळे काढलेले दाणे

माझ्या थोरल्या बहिणीला घरात आम्ही 'भिंग' म्हणतो. तिला ते आवडत नाही, म्हणूनच म्हणतो. पाव घरात आला की ती तो आधी उजेडात धरून चहूबाजूंनी बघते, मग हुंगते, आणि तोवर आमचा चहा गार झालेला असतो.

तिचं कामच तसं आहे. अन्नावरच्या बुरशीतून एक विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, भाजून-उकडून पुरतं जात नाही, आणि थोडं थोडं करत वर्षानुवर्षं पोटात गेलं की यकृताची वाट लावतं. कोणाच्या पोटात ते किती जातं आणि त्यातून किती लोकांना किती धोका आहे, हे शोधायची तिची नोकरी. त्यासाठी ती घरोघर जाते. काल दिवसभरात काय खाल्लं, किती खाल्लं, ते विचारते. डब्यातल्या शेंगदाण्यांचा नमुना घेते. आणि शेवटी घसा खाकरून लघवीची बाटली पुढे करते. लोक दार लावून घेतात. ती पुन्हा बेल वाजवते. चिकाटी तिची आणि लाज मात्र आमच्या वाट्याला, कारण एकदा तिने माझ्या सासऱ्यांपुढेही बाटली धरली होती.

मागच्या खेपेला तुलनेसाठी तिने आमच्या घरच्याही चार बाटल्या नेल्या: तिची, माझी, माझ्या बायकोची आणि आईची. बाटल्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक. नावांची यादी साहेबांच्या कपाटात. दोनशे बाटल्यांत विषाचा सगळ्यात मोठा आकडा एकशे सत्तावीस क्रमांकाचा निघाला. "या घरी जाऊन बघायलाच हवं," ती साहेबांना म्हणाली. साहेबांनी यादी काढली आणि तिच्याकडे बघतच राहिले. तो क्रमांक आईचा होता.

आमच्या तिघांचे आकडे जवळजवळ शून्य. स्वयंपाकघर एक, डबा एक. तिने डब्यातले दाणे तपासले, स्वच्छ. पीठ तपासलं, स्वच्छ. बाटली बदलली असेल म्हणून आईची दुसरी नेली, तर आकडा तेवढाच. तिच्या जिवाला चैन पडेना. बसली की पाय हलवायची, उठली की डबे उघडायची. खरी धास्ती वेगळीच होती. आईला पूर्वी एकदा कावीळ झाली होती. काविळीचा एक विषाणू रक्तात ठाण मांडून राहतो, आणि तो ज्याच्या अंगात आहे त्याला हे विष कित्येक पटींनी जास्त घातक. तिने आईचं रक्त तपासायला दिलं.

"आई, तू बाहेर काही खातेस का?"

"मी कशाला बाहेर खाऊ? तुम्ही खाता तेच खाते."

"नक्की तेच?"

"अगं, किती वेळा विचारशील? डोकं उठवलंस नुसतं."

शेवटी तिने रजा टाकली आणि स्वयंपाकघरात स्टूल घेऊन ठाण मांडलं. मीही दाराला टेकून उभा होतो. आईने शेंगदाण्यांची नवी पिशवी परातीत ओतली, चष्मा चढवला आणि निवडायला घेतलं. टपोरे दाणे डब्यात. सुरकुतलेले, काळपट पडलेले वाटीत. हात झपाझप चालला होता. मधूनच वाटीतले चार दाणे तिने तोंडात टाकले.

"आई! ते काय खातेस?"

"वेगळे काढलेले."

"फेकून द्यायचे असतात ते!"

"तू कुठे म्हणालीस फेक म्हणून? वेगळे काढ म्हणालीस, काढते. जरा कडू लागतात, पण अन्न टाकवत नाही मला."

हे खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीला लागल्या लागल्या, तिनेच आईला बजावलं होतं. विष सगळ्या पिशवीत सारखं नसतं, थोड्याच दाण्यांत ठासून भरलेलं असतं, तेवढे काढले की बाकीचे बिनधास्त खावेत. इतकं नीट समजावलं आणि पुढचं एक वाक्य राहून गेलं. तिच्या छापील प्रश्नावलीतही ते नव्हतं. 'दाणे निवडता का?' असं ती प्रत्येक घरात विचारायची, 'हो'वर खूण करायची आणि पुढचं दार गाठायची. मला तिचा भयंकर राग आला. मग स्वतःचाही आला, कारण आईला वाटीतले दाणे खाताना मी शंभरदा पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्ताचा अहवाल आला. विषाणू होता.

बहिणीने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. आईने विचारल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी तिला कधी जमलीच नाही.

"म्हणजे मला तो यकृताचा रोग होणार?"

"माहीत नाही."

"अगं, तुझं कामच ना ते?"

"लाखात किती जणांना होईल ते सांगता येतं, आई. तुला होईल का, ते नाही गं सांगता येत. आता दर सहा महिन्यांनी तपासायचं. माझ्यामुळे झालं हे."

आईने माझ्याकडे, माझ्या बायकोकडे पाहिलं.

"आणि यांचे आकडे?"

"जवळजवळ शून्य."

"तुझा?"

"माझाही."

"मग माझ्या निवडण्यात काही खोट नव्हती," आई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

"असं बोलू नकोस गं, आई!" बहीण ओरडली, आणि कागद तिथेच टाकून तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.