गोठ्यातलं वायफाय

किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. मानवतच्या आमच्या गल्लीत दारात मेथी निवडत बसलं, की जुडी संपायच्या आत एखादा येऊन पडतोच. त्यातले निम्मे शेजारच्या शोभाबाईंचे. लोक मला चौकशीखोर म्हणतात. म्हणू द्या! शेजाऱ्यानं नाही बघायचं तर कुणी बघायचं?

तर, शोभाबाईंची गौरी लग्न होऊन वालूरला गेली आणि त्यांची म्हैस चंद्री रुसली. गौरीच तिच्याशी बोलत बोलत धार काढायची. आता शोभाबाई खाली बसल्या की ही लाथ झाडते, पान्हाच सोडत नाही! त्यांचे मालक विश्वनाथअप्पा किराणा दुकानवाले. म्हणाले, "येत्या बाजारापर्यंत बघतो. न्हाई तर विकतो."

"मंग मलाबी तिच्यासंगं बांधा आन् न्या!" शोभाबाई रडत म्हणाल्या. मधली भिंतच पातळ, मी काय करू?

*

दुसऱ्याच दिवशी अप्पा शिडीवर! घरातून गोठ्याकडं वायर चाललेली.

"काय करायलात अप्पा?"

"काई न्हाई वहिनी. जुना राउटर पडून होता, गोठ्यात लावायलोय."

म्हैस विकायची आणि गोठ्यात वायफाय? मला लगेच संशय आला. आमच्या ह्यांना म्हटलं, "कॅमेरा हाय तो. आपल्या घरावर नजर ठेवायलेत."

हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "त्यांना कॅमेरा कशाला लागतोय? तू दिवसभर त्यांच्याच भिंतीला असतीस!"

*

मग त्यांच्या घरातलंही नेट बंद पडलं. मी वाटीभर साखर मागायला गेले. साखर घरात होती, पण जायला निमित्त लागतं.

अप्पा घामाघूम. म्हणाले, "दोन्ही राउटर मोबाइलला आपापले नंबर वाटायलेत. एका घरात दोन सासवा झाल्या! आता जुनीचं वाटणं बंद केलंय. नवी देईल ते तिनं नुसतं गोठ्यात पोचवायचं."

आतून शोभाबाई ओरडल्या, "सासूला गप बसवायची ही युक्ती माझ्या लग्नात कुठं ठिवली होती?"

*

कडब्याची धूळ बसू नये म्हणून अप्पांनी राउटरवर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पालथा घातला. झाकलंय म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे, हे मी गल्लीत सांगून टाकलं.

संध्याकाळी अप्पा डबा घेऊन खाली उतरले. "लय पक्का डबा हाय वहिनी. तेलबी सांडत न्हाई आन् वायफायबी!"

मग दुकानातली गोळ्या-बिस्किटांची प्लास्टिकची बरणी आली, तिच्यात राउटर बसला आणि रेंज आली. वर शोभाबाईंनी लिंबू-मिरची बांधली.

"ही करणी तर न्हाई ना?" मी हळूच विचारलं.

"नजर लागू नये म्हणून बांधलंय," त्या माझ्याकडं टक लावून म्हणाल्या. "कुणाची, ते सांगत न्हाई!"

*

आणि एके संध्याकाळी गोठ्यातून गौरीचा आवाज! पोरगी सासर सोडून आली आणि आईबापानं गोठ्यात लपवली! मी कुडाच्या फटीतून बघितलं. खुंटीला मोबाइल टांगलेला, त्यात गौरी. "सोड गं माझी चंद्री, सोड गं माय..." खाली शोभाबाईंच्या बादलीत दुधाची धार वाजत होती.

"या वहिनी, आत या," मान न वळवता त्या म्हणाल्या. "फटीतून बघून डोळा तिरपा व्हईल!"

अप्पा बाजाराला गेले, पण पेंड आणायला.

*

पंचमीला गौरी माहेरी आली. पिशवी दारात टाकून आधी गोठ्यात पळाली, चंद्रीच्या गळ्यात पडली, बादली घेऊन खाली बसली. "चंद्री, मी आले गं!"

चंद्रीनं अशी लाथ झाडली की बादली माझ्या पायाशी आली. मी तिथंच होते, अर्थात.

गौरीनं परत हात लावला. परत लाथ! चंद्री मान वळवून रिकाम्या खुंटीकडं बघत उभी. शोभाबाईंचा चेहरा उतरला.

गौरीनं डोळे पुसले, आईचा मोबाइल खुंटीला टांगला आणि आपला घेऊन स्वयंपाकघरात गेली. जरा वेळानं खुंटीवरून आवाज आला, "सोड गं माझी चंद्री, सोड गं माय..."

शोभाबाई खाली बसल्या. बादली वाजायला लागली.

"आई, सोडला का गं पान्हा?" गौरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली.

"खिडकीतून ओरडू नको, फोनमधूनच बोल!" शोभाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "ती बुजायलीय!"