साडूभाऊंची बोडी

माझ्या साडूभाऊंइतका संशयी माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात झाला नाही, आणि इतका निर्मळही. कुलूप लावलं की तीनदा ओढणार. साकोलीच्या स्टँडवर एसटीची पाटी वाचूनही कंडक्टरला विचारणार, ड्रायव्हरला विचारणार आणि शेवटी आत बसलेल्या म्हातारीला, "आजी, हे सानगडीलेच जाते ना?" ती हो म्हणाली की मगच चढणार.

ते साकोलीच्या एका कॉलेजात गणित शिकवत. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा तिथं एक कॉम्प्युटर आला आणि साडूभाऊंशिवाय त्याला कुणी हात लावेना. प्राचार्यांनी बजावलं, तपासणीच्या दिवशी काही चालवून दाखवलं नाही तर यंत्र दुसऱ्या कॉलेजला जाईल. साडूभाऊंनी नागपूरहून पुस्तक आणून 'क्लास' लिहायला घेतला. कॉम्प्युटरच्या भाषेत क्लास म्हणजे वस्तूचा साचा. तिच्यात काय असतं आणि ती काय करते, ते एका जागी लिहायचं. त्यांनी वस्तू निवडली बोडी, आपल्याकडचा धानाला पाणी देणारा छोटा तलाव. पाणी किती, भरायचं कसं, सोडायचं कसं, सगळं लिहून झालं. पण चाचणीत रिकाम्या बोडीतून चाळीस माप पाणी सोडलं, तर पडद्यावर उणे चाळीस. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

शेवटी ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, सिहोऱ्याच्या शेतकऱ्याची लेक, म्हणाली, "जेवढं असन तेवढंच निंगन ना. आन भरली का वरचं वाहून जाते." त्यांनी तसंच लिहिलं. मग तिनंच विचारलं, "आन कोणी उणं पाणी भरलं तं?"

"असं कोण भरन?"

"तुमच्यासारखा एखादा."

तपासणीला आलेल्या साहेबांनी बोडी भरली, सोडली, रिकामी करून पुन्हा सोडली. मग चष्मा पुसला आणि 'भरा'समोर उणे दहा टाकलं. मी दारात होतो. साडूभाऊंनी खिडकीचा गज घट्ट धरला. पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी उमटलं, 'असं पाणी नसते.'

साहेब हसले. "हे कुणी सुचवलं?"

"आमच्या घरून," साडूभाऊ म्हणाले.

यंत्र राहिलं. बाहेर येऊन ते पायरीवर बसले. "मले वाटलं, नेलंच," म्हणाले. घरी ताई तांदूळ निवडत होती. "राहिलं ना? मंग जेवून घ्या." त्या दुपारी त्यांनी भात पुन्हा पुन्हा मागून घेतला.

ताईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी भेटायला गेलो की साडूभाऊ आमच्या दोघांच्या सासुरवाडीच्या गोष्टी काढतात. त्या मला पाठ आहेत. तरी मी उठत नाही.